लिहितो खूप, सापडत नाही!

गेल्या अंकात ऑनलाइन लेखनाबद्दल प्रश्न मागवले होते. निम्म्याहून अधिक पत्रांचा सूर एकच होता : ‘मनापासून लिहितो, पण गूगलवर शोधलं तर माझा लेख कुठेच नाही.’ म्हणून या वेळी फक्त तेवढंच घेतलं आहे. नावं गाळली आहेत आणि पत्रं थोडी कापली आहेत. उपसंपादकाच्या खुर्चीत आयुष्य गेलं, त्यामुळे कापल्याशिवाय हाताला चैन पडत नाही.

प्रश्न : मी सायकल दुरुस्तीवर ब्लॉग लिहितो. मोठे लेख वर येतात असं एका व्हिडिओत ऐकल्यामुळे प्रत्येक लेख दीड हजार शब्दांच्या वर नेतो. ‘सायकल चेन’ हा कीवर्ड, म्हणजे लोक शोधतात तो शब्द, दर परिच्छेदात आणतो. तरीही लेख पाचव्या-सहाव्या पानावर पडून असतात. सोबत एक लेख पाठवला आहे, भीड न ठेवता सांगा.

बरं झालं, परवानगी दिलीत. तुमच्या लेखाचं पहिलं वाक्य आहे : ‘आजच्या धावपळीच्या युगात सायकलचे महत्त्व अनन्यसाधारण आहे.’ यातली सायकल काढून छत्री घातली तरी वाक्य जागचं हलत नाही. पुढे सायकलचा इतिहास, व्यायामाचे फायदे, मग ‘चेन म्हणजे काय’. घसरणाऱ्या चेनचं करायचं काय, हे यायला सातवा परिच्छेद उजाडतो.

आता शोधणाऱ्याकडे बघा. ‘पेडल मारताना चेन घसरते’ असं टाइप करणारा माणूस सायकलशेजारी उकिडवा बसलाय, हात ग्रीसने काळे झालेत आणि तो एका बोटाने फोन चाळतोय. त्याला सायकलचं महत्त्व कशाला सांगताय? तो तुमच्या पानावरून दहा सेकंदांत मागे फिरणार आणि दुसऱ्याचं पान उघडणार.

गंमत म्हणजे त्याला हवं ते तुमच्या लेखात आहे, फक्त सातव्या परिच्छेदात पुरलेलं आहे. पट्टीने चेन मोजायची जी पद्धत तुम्ही दिली आहे, ती मी वर आणून ठेवली. आता सुरुवात अशी होते :

‘पेडलवर जोर दिला की चेन दात्यांवरून घसरते? आधी चेन मोजा. साधी १२ इंची पट्टी घ्या आणि शून्याची खूण एका पिनच्या मध्यावर धरा. चेन नवी असेल तर बरोबर १२ इंचांवर दुसऱ्या पिनचा मध्य येतो. तो १/१६ इंच, म्हणजे साधारण दीड मिलिमीटर पुढे गेला असेल तर चेन बदलायची वेळ झाली. १/८ इंच पुढे गेला असेल तर चेनबरोबर मागच्या चक्राचे दातेही झिजलेले असणार. अशा वेळी नुसती नवी चेन टाकली तर तीही घसरेल.’

एवढ्यात त्या माणसाचं निम्मं काम झालं. यात ‘सायकल चेन’ हा जोडशब्द एकदाही आलेला नाही आणि त्यावाचून काही अडत नाही. बर्ट नावाची भाषा समजणारी प्रणाली गूगलने २०१९ मध्ये शोधात आणली आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये ती सत्तरहून अधिक भाषांत नेली. वाक्यातले शब्द एकमेकांशी कसे जोडलेत हे ती पाहते. एकच शब्द वीसदा घोकून काही मिळत नाही. उलट असं कोंबणं गूगलच्या स्पॅम धोरणात, म्हणजे फसव्या युक्त्यांविरुद्धच्या नियमांत, नाव घेऊन निषिद्ध आहे. आणि शब्दसंख्येचं म्हणाल तर आम्हाला अमुक लांबी आवडते असं काही नाही, हे गूगलने स्वतःच लिहून ठेवलंय. हा लेख सातशे शब्दांत छान बसेल. गिअर जुळवण्याचा लेख तीन हजारांवर गेला तरी हरकत नाही, विषयच तेवढा आहे.

मात्र लोक कोणते शब्द वापरतात त्याला महत्त्व आहेच. तुम्ही ‘चेन घसरणे’ आणि ‘चेन उतरणे’ एकाच लेखात कालवलं आहे. त्या दोन वेगळ्या तक्रारी आहेत, हे तुम्ही माझ्यापेक्षा चांगलं जाणता. एकीत चेन दात्यांवरून उडी मारते, दुसरीत चक्रावरून खालीच येते. कारणं वेगळी, इलाज वेगळे, तेव्हा लेखही दोन हवेत. गूगलच्या चौकटीत ‘सायकलची चेन’ एवढंच टाइप करून थांबा आणि खाली काय काय सुचवलं जातं ते वहीत उतरवून घ्या. निकालांत ‘लोक हेही विचारतात’ अशी चौकट दिसली तर तीही उतरवा. तुमचे पुढचे पाच-सहा लेख त्यातच आहेत.

मथळा ‘सायकल चेन : एक आढावा’ असा आहे. आढावा समितीने घ्यावा. ‘पेडल मारताना चेन घसरते? पट्टीने मोजा, मग ठरवा’ असं काहीसं करा. आणि चेनवर पट्टी ठेवलेला फोटो स्वतः काढून टाका. फोटोच्या पर्यायी मजकुरात ‘फोटो १’ लिहू नका, फोटोत काय दिसतं ते लिहा. ज्यांना दिसत नाही त्यांचा स्क्रीन रीडर तेच वाचून दाखवतो आणि गूगललाही फोटो ओळखायला त्याची मदत होते.

प्रश्न : मी व्याकरण शिकवते. माझे जुने लेख कृतिदेवमध्ये टाइप केलेले होते, ते तसेच वेबसाइटवर चढवले आहेत. स्क्रीनवर नीट दिसतात, पण शोधात येत नाहीत. शिवाय लेखाचा पत्ता (यूआरएल) देवनागरीत ठेवावा की रोमनमध्ये?

बाई, तुमचा घोळ व्याकरणात नाही, टंकात आहे. कृतिदेवसारख्या जुन्या फाँटमध्ये ‘मराठी’ लिहिलं की फाइलमध्ये साठतात ती ई, जे, के, बी, एच ही रोमन अक्षरं. फाँट त्यांवर मराठीचा मुखवटा चढवतो, म्हणून तुम्हाला ‘मराठी’ दिसतं. गूगल मुखवट्यामागचं वाचतं. त्याच्या लेखी तुमचा समासांवरचा सुरेख लेख म्हणजे निरर्थक रोमन अक्षरांची रास आहे. सगळे लेख युनिकोडमध्ये, म्हणजे देवनागरी अक्षर देवनागरी म्हणूनच साठवणाऱ्या पद्धतीत, बदलून घ्या. त्यासाठी कन्व्हर्टर आहेत, पण त्यांच्यावर डोळे मिटून विसंबू नका. रफार आणि पहिली वेलांटी इकडेतिकडे होते, म्हणून एकेक लेख वाचावा लागेल. तुमच्याकडे बरीच वर्षं साचलेले लेख आहेत म्हणता, तर जे विद्यार्थी सर्वात जास्त विचारतात ते आधी घ्या. माझ्या मते या एका कामाने तुम्हाला जेवढं मिळेल तेवढं बाकी सगळ्या युक्त्यांनी मिळून मिळणार नाही.

पत्त्याबद्दल : गूगलला दोन्ही चालतात. अडचण आहे ती माणसांची. देवनागरीतलं प्रत्येक चिन्ह पत्त्यात संकेतरूपाने गेलं की नऊ अक्षरांचं होतं. ‘व्याकरण’ या शब्दात काना आणि हलन्त धरून सात चिन्हं आहेत, म्हणजे त्याची त्रेसष्ट अक्षरं होतात. कुणी तो पत्ता कॉपी करून मेसेजमध्ये टाकला की टक्केवारीच्या चिन्हांची लांबलचक माळ दिसते आणि लोकांना तो व्हायरस वाटतो. मी छोटा रोमन पत्ता ठेवते, दोन-तीन शब्दांचा. पण जे लेख आधीच नीट सापडताहेत त्यांचे पत्ते हौसेने बदलू नका. बदललेच, तर जुन्या पत्त्यावरून नव्यावर कायमचं रिडायरेक्ट लावा, ज्याला ३०१ म्हणतात ते.

प्रश्न : प्रत्येक लेखाला मेटा कीवर्ड (पानाच्या कोडमध्ये राहणारे, वाचकाला न दिसणारे शब्द) भरतो, पन्नासेक तरी. पुरेसे आहेत का?

एकही नको. शोधाच्या क्रमवारीत आपण ते वापरत नाही, असं गूगलने २००९ मध्येच जाहीर केलं होतं. तो वेळ मेटा वर्णनाला, म्हणजे पानाच्या कोडमधल्या छोट्या सारांशाला, द्या. त्याने क्रमांक वाढत नाही, पण निकालात मथळ्याखाली बऱ्याचदा तेच दिसतं आणि माणूस ते वाचून क्लिक करायचं की नाही ते ठरवतो.

प्रश्न : एका कंपनीचा ईमेल आला आहे. ‘पाचशे उच्च दर्जाच्या बॅकलिंक, पहिल्या पानाची हमी.’ घेऊ का?

हमी हा शब्द दिसला की ईमेल बंद करायचा. गूगलच्या निकालात अमुक क्रमांकाची हमी कुणालाच देता येत नाही, हे गूगल स्वतः सांगतं.

बॅकलिंक म्हणजे दुसऱ्या संकेतस्थळाने तुमच्या पानाला दिलेला दुवा. अशा लिंकची महती खोटी नाही. लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन यांनी १९९८ मध्ये गूगल उभं केलं ते याच कल्पनेवर : एका पानाने दुसऱ्याला दुवा दिला म्हणजे त्याची शिफारस केली, आणि शिफारस करणारा जितका वजनदार तितकी ती शिफारस मोठी. मग शिफारशी विकत मिळू लागल्या. त्यावर २०१२ च्या एप्रिलमध्ये पेंग्विन नावाचा बदल आला आणि विकतच्या लिंकवर उभी असलेली कितीतरी संकेतस्थळं रातोरात निकालांतून घसरली. आज बहुतेक वेळा अशा लिंककडे नुसतं दुर्लक्ष होतं, म्हणजे पैसे पाण्यात. वाईट झालं तर कारवाईही होते.

लिंक हवी असेल तर लोकांना उद्धृत करावंसं वाटेल असं काही तयार करा : तुम्ही स्वतः मोजलेलं, जमवलेलं, ताडून पाहिलेलं. एखादा तक्ता पुरतो. आणि तुमच्याच लेखांना एकमेकांशी जोडा, हे तर फुकट आहे. तुमच्या पाठवलेल्या पानावर सगळीकडे ‘येथे क्लिक करा’ आहे. ‘येथे’ म्हणजे कुठे? दुव्याचेच शब्द बोलके ठेवा, म्हणजे वाचकालाही कळतं आणि गूगललाही.

प्रश्न : मी घरातल्या झाडांवर लिहिते. सर्च कन्सोल (आपलं संकेतस्थळ शोधात कसं दिसतं ते सांगणारी गूगलची सेवा) जोडलं, पण आकडे पाहून भांबावले. एका लेखाला इम्प्रेशन, म्हणजे निकालांत दिसण्याच्या वेळा, खूप, क्लिक अगदी थोडे. जुने लेख काढून टाकावेत का? तारीख बदलली की लेख पुन्हा वर येतो असंही ऐकलं.

आधी शेवटच्या दोन गोष्टी निकालात काढू. मजकूर तोच ठेवून तारीख ताजी करणं ही वाचकाची फसवणूक आहे, आणि उपयुक्त मजकुराबद्दलच्या गूगलच्या मार्गदर्शनात ती न करण्याच्या गोष्टींमध्येच येते. संकेतस्थळ ताजं वाटावं म्हणून जुने लेख उडवणंही तसंच. त्याने काही फायदा होत नाही, असं तिथे स्पष्ट म्हटलंय.

आता आकडे. सर्च कन्सोल फुकट आहे, मागचे १६ महिने दाखवतं, आणि तरीही बहुतेक लेखक ते जोडतात आणि विसरतात. तुम्ही उघडलंत हेच मोठं. परफॉर्मन्स या अहवालात जाऊन आधी एकच पान निवडा. एकूण आकडे बघत बसलात तर काही हाती लागत नाही. पान निवडून क्वेरीच्या, म्हणजे लोकांनी शोधलेल्या शब्दांच्या, यादीवर या. तुमचा लेख कोणत्या शब्दांवर दाखवला गेला, ते तिथे ओळीने मिळतं.

तुम्ही पाठवलेल्या स्क्रीनशॉटमध्ये ‘झाडांची पाने पिवळी पडणे’ हा लेख आहे. यादी वाचली तर लोक तीन निरनिराळ्या गोष्टी विचारताहेत. एक, ‘मनी प्लांटची खालची पानं पिवळी’. दोन, ‘पानांची टोकं तपकिरी’. तीन, ‘पानं पिवळी पडतात पाणी किती घालावं’. पहिल्या आणि तिसऱ्याचं उत्तर तुमच्याकडे आहे : बहुतेकदा पाणी जास्त होतं आणि कुंडीतली माती सुकायला सवड मिळत नाही. दुसऱ्याबद्दल लेखात अवाक्षर नाही. तरी गूगल त्या प्रश्नावर तुमचं पान कुठेतरी दहाव्या-पंधराव्या जागी दाखवून बघतं, लोक पाहतात, पुढे जातात. इम्प्रेशन खूप आणि क्लिक थोडे, यामागचं तुमच्या बाबतीतलं मोठं कारण हे.

तेव्हा टोकं तपकिरी होण्यावर वेगळा लेख लिहा. कोरडी हवा, पाण्यातले क्षार, खताचा जादा डोस, हे सगळं तुम्हाला ठाऊक आहे, तुमच्या दुसऱ्या एका लेखात मी ते ओझरतं वाचलं. आणि या लेखाच्या मथळ्यात ‘मनी प्लांट’ आणा. लोक झाडाचं नाव घेऊन विचारतात आणि तुम्ही ‘झाडांची’ म्हणून मोकळ्या होता.

ज्या प्रश्नांवर तुम्ही पहिल्या चार-पाचांत आहात आणि तरी क्लिक नाही, तिथे मजकुराला हात लावायच्या आधी मथळा आणि वर्णन बघा. फोनवर स्वतः शोधा, शेजारच्या मथळ्यांमध्ये आपला वाचून पाहा. आपण त्यावर बोट ठेवलं असतं का? मला तुमचा मथळा परीक्षेतल्या प्रश्नासारखा वाटला.

राहिले जुने लेख. ज्यांना काडीचीही क्वेरी येत नाही पण ज्यातली माहिती खरी आहे, ते राहू द्या, त्यांनी काही बिघडत नाही. एकाच विषयावर दोन-तीन तोकडे लेख असतील तर ते एकत्र करून एक भक्कम लेख करा आणि बाकीच्यांचे पत्ते त्याच्याकडे वळवा. कुंडी बदलण्यावर तुमचे असे तीन लेख आहेत. केलेल्या बदलाचा परिणाम दिसायला काही आठवडे, कधी काही महिने लागतात. रोज सकाळी उठून क्रमांक बघू नका.

प्रश्न : एआयकडून दिवसाला दहा लेख लिहून घेतले तर?

तर दिवसाला दहा लेख होतील. कुणी वाचेल असं तुमच्या पत्रात तुम्हीही म्हटलेलं नाही.

मजकूर यंत्राने लिहिला की माणसाने, यावर गूगल अडून बसत नाही, दर्जा पाहतो असं त्यांनी २०२३ च्या फेब्रुवारीत सांगितलं. पण क्रमवारीसाठी ढिगाने पानं पाडणं २०२४ च्या मार्चमध्ये स्पॅम धोरणात घातलं गेलं, मग ती पानं यंत्राने पाडलेली असोत वा माणसांनी. मजकुराचे असे कारखाने पूर्वीही होते. गूगलच्या २०११ च्या पांडा नावाच्या बदलाने त्यांचं काय केलं ते त्या धंद्यातल्या कुणालाही विचारा. टिपणं नीट लावायला किंवा शुद्धलेखन तपासायला यंत्र खुशाल वापरा, मीही वापरते. यंत्राने दिलेला प्रत्येक आकडा मात्र स्वतः पडताळा.

प्रश्न : आता गूगलच सगळ्यात वर एआयने लिहिलेलं उत्तर देतं. माझा मुलगा जन्मापासून श्रवणयंत्र वापरतो, त्या अनुभवावर मी लिहिते. विषयांची यादी सोबत आहे. यापुढे लिहिण्यात अर्थ आहे का?

खोटा धीर देत नाही. २०२४ च्या मे महिन्यात अमेरिकेत सुरू झालेली ती उत्तरं आता पुष्कळ देशांत दिसतात, आणि ‘श्रवणयंत्र म्हणजे काय’ असल्या प्रश्नांचे क्लिक त्यात जाणार. व्याख्या सांगणाऱ्या लेखावर तुम्ही यापुढे मेहनत घेऊ नका. तुमच्या यादीतले पहिले चार विषय तसेच आहेत, ते मी खोडले.

पाचवा विषय मात्र पुन्हा पुन्हा वाचला. मुलगा वाढतो तसा कानही वाढतो, इअरमोल्ड (यंत्राचा कानात बसणारा, मापाने बनवलेला भाग) सैल होतो आणि यंत्र शिट्टी वाजवायला लागतं. पहिल्यांदा तुम्हाला वाटलं यंत्र बिघडलं. मग मोल्ड बदलल्यावर आवाज थांबला. लहान मुलांचे मोल्ड वारंवार बदलावे लागतात, हे तुम्हाला आधी कुणी नीट सांगितलं नव्हतं. शिट्टी मुलाला ऐकू जात नव्हती पण वर्गातल्या बाकीच्यांना जात होती, आणि तो त्यावरून घरी येऊन काय म्हणाला, हे तुम्ही पत्रात लिहिलंय आणि लेखात लिहिलेलं नाही. असं कसं?

गूगल आपल्या दर्जा तपासनिसांना जी मार्गदर्शिका देतं, तिच्यात तज्ज्ञता, अधिकार आणि विश्वासार्हता हे निकष आधीपासून होते. २०२२ च्या डिसेंबरमध्ये त्यात अनुभवाची भर पडली : लिहिणाऱ्याने ती गोष्ट स्वतः वापरली, भोगली, पाहिली आहे का? तपासनिसांचे शेरे थेट तुमचा क्रमांक ठरवत नाहीत, पण वारा कुठून वाहतोय ते कळतं. आरोग्याच्या विषयात विश्वासार्हतेला जास्त काटेकोरपणे पाहिलं जातं, हेही त्याच मार्गदर्शिकेत आहे. म्हणून लेखाच्या वरच सांगा की तुम्ही आई आहात, डॉक्टर नाही. अनुभव आणि वैद्यकीय माहिती वेगळ्या परिच्छेदांत ठेवा. आणि मुलाचं नाव, शाळा, फोटो घालू नका, तो मोठा झाल्यावर हे सगळं वाचणार आहे.

तर पाचवा विषय आधी घ्या. मथळ्यात ‘शिट्टी’ आणि ‘इअरमोल्ड’ दोन्ही येऊ द्या, कारण ज्याला कारण ठाऊक नाही तो शिट्टी शोधेल आणि ज्याला अर्धवट ठाऊक आहे तो मोल्ड. पहिल्या परिच्छेदातच घरी काय तपासायचं ते सांगा : मोल्ड कानात पूर्ण बसलाय का, नळीला चीर आहे का, कानात मळ साचलाय असं वाटतं का. मळ घरी काढायला जाऊ नका हेही तिथेच लिहा. मग तो लेख मुलाच्या ऑडिओलॉजिस्टना, म्हणजे श्रवणतज्ज्ञांना, वाचायला द्या, त्यांनी सुचवलेल्या दुरुस्त्या करा, त्यांची हरकत नसेल तर लेख त्यांनी तपासल्याचा उल्लेख करा, आणि मगच प्रसिद्ध करा. कच्चा खर्डा आधी मला पाठवलात तरी चालेल, या वेळी कापणार नाही.